सिंधू सिस्टरनी मागे घेतलेला शब्द

सिंधू सिस्टरना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या शेजारच्या चौधरींच्या घरात जमिनीवर पालथ्या पडल्या होत्या. खळ घालून कडक केलेली पांढरी साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, गाल फरशीला टेकलेला. मला वाटलं, बाईंना चक्कर आली. मी माझ्या खोलीतून पाण्याचा तांब्या घेऊन धावले. त्यांनी मान न वळवता एक हात वर केला आणि म्हणाल्या, "थांबा. मी आत्ता बाळ आहे."

त्यांच्या शेजारी वीतभर अंतरावर चौधरींचं खरंखुरं बाळ झोपलं होतं, दीड महिन्याचं, तेही पालथं. सिस्टरनी त्याच्या गोधडीची कड ओढून आपल्या नाकावर घेतली, दोन-तीन श्वास घेतले आणि उठून बसल्या. "स्टोव्हचा धूर थेट इथं येतो," त्या बाळाच्या आईला म्हणाल्या, "आणि ही गोधडी नाकाला चिकटते. तू कधी इथं निजून पाहिलंस का?" तिने अर्थातच पाहिलं नव्हतं. आपल्या बाळाच्या जागी कोण निजून पाहतं?

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. नवऱ्याला सुरतेच्या एका डाइंग मिलमध्ये कारकुनी मिळाली, म्हणून त्र्याण्णव साली लिंबायतला खोली घेतली. ओट्यावर मी गल्लीतल्या पोरांची बाळवाडी चालवायची. आजूबाजूला सगळे खानदेशी, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारे. घरात अहिराणी, खात्यावर, म्हणजे लूमच्या कारखान्यात, हिंदी, दुकानात गुजराती. पहिले सहा महिने माझ्या वऱ्हाडीची सगळ्यांनी यथेच्छ चेष्टा केली. लूमचा खडखडाट दिवसरात्र चालायचा आणि त्या आवाजात बाळं मस्त झोपायची. गंमत म्हणजे लाइट गेली, लूम थांबले आणि एकदम शांत झालं की गल्लीतली सगळी बाळं जागी होऊन रडायला लागत. ही गोष्टही मला सिस्टरनीच दाखवली, नाहीतर मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं.

त्या आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रावर होत्या, साक्रीकडच्या. एरवी पुस्तकी मराठी बोलत, रागावल्या की अहिराणीवर येत. लग्न केलं नव्हतं, आणि का नाही असं विचारणाऱ्याला त्या उलट विचारत, "तुम्ही का केलं?" त्यांना 'का' या शब्दाची फार हौस. डॉक्टरसाहेबांनी काही नवीन सांगितलं तरी यांचा प्रश्न तयार असे, "साहेब, निजून पाहिलं का?" साहेब बिचारे हसून सोडून देत.

त्यांच्या पिशवीत मगन असायचा. मगन म्हणजे बाहुला. अंगात लूमवरच्या चिंध्या भरलेल्या, डोक्यात ज्वारी, वजन नव्या जन्मलेल्या बाळाएवढं. ज्वारीमुळे त्याची मान कुठेही लवंडायची. कुठल्याही घरी नवा बाप दिसला की त्या मगन त्याच्या हातात देत. बाप्ये लाजत, हसत, एका हाताने धरत, आणि मगनची मान मागे पडली की त्यांचे चेहरे पडत. "मेला," सिस्टर शांतपणे म्हणत, "आता नीट धर." मी एकदा म्हटलं, "सिस्टर, असं अभद्र का बोलता?" त्या म्हणाल्या, "मगनला चालतं. त्याला रोज दोन-तीनदा मरायची सवय आहे."

असं बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या, बाकी कुणी बाळाच्या मरणाचा विषय काढतच नसे. धडधाकट बाळ दूध पिऊन झोपतं आणि उठतच नाही. ताप नाही, जुलाब नाही, काही नाही. लोक म्हणत नजर लागली, बाहेरचं लागलं, नाहीतर आईने झोपेत अंगाखाली घेतलं. सिस्टर म्हणत, "कारण मलाही सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. पण कारण कळेपर्यंत हात बांधून बसायचं का? जे टाळता येतं ते टाळू." मग त्या टाळायच्या गोष्टी शोधत घरोघर हिंडत. कोंडलेली खोली, बापाची बिडी, चेहऱ्यावर ओढलेली पांघरुणं.

गोधड्यांवर त्यांचा विशेष राग. खानदेशात गोधडी जुन्या सुती लुगड्यांची. सुरतेत आल्यावर बायकांना साड्यांचे तुकडे फुकट मिळायला लागले आणि गोधड्या पॉलिस्टरच्या झाल्या. रंग असे की बघत राहावं, पण आत वारा म्हणून शिरत नाही. गावाकडच्या थंडीच्या सवयीने सुरतेच्या घामट हवेत बाळाला अशा दोन-दोन गोधड्यांत गुंडाळायचं, वर कानटोपी. सिस्टर बाळाच्या मानेमागे बोटांची मागची बाजू लावून बघत. मान घामेजलेली असली की त्यांची अहिराणी सुरू होई.

चौधरी म्हणजे त्या दीड महिन्याच्या बाळाचा बाप. तो एकदा म्हणाला, "सिस्टर, लहान लेकरू से, थंडी वाजस त्याले." सिस्टरनी त्याला समोर बसवलं आणि तीच गोधडी त्याच्या डोक्यावरून टाकली. म्हणाल्या, "शंभरपर्यंत मोज. मोठ्याने." चौधरी गडी पैलवानासारखा. पन्नासपर्यंत दणक्यात मोजलं, मग आवाज बारीक झाला, आणि सत्तरच्या पुढे गोधडी फेकून लालबुंद होऊन बाहेर आला. दारात जमलेली आम्ही बायका हसत होतो. सिस्टर हसल्या नाहीत. "तुले हात शेतस, तू फेकी दिधी," त्या म्हणाल्या. "त्याले कोन फेकी दी?" दुसऱ्या दिवशी चौधरीणबाईंनी जुन्या सुती धोतराची दुपटी शिवायला घेतली.

पाळीवाल्या घरांचा प्रश्न वेगळा होता. एका खोलीत एकच गादी. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन तिच्यावर पडणार, आणि बायको साडीचे धागे कापायच्या कामाला बसताना बाळ त्याच्या कुशीत ठेवणार. बारा तास लूमवर उभा राहिलेला माणूस, त्याची झोप म्हणजे दगड. सिस्टरनी खात्यावरून बॉबिनची रिकामी लाकडी खोकी मागून आणली. बुटकी, उघडी, आत कापडाची कडक सपाट घडी. बाळ आईबापाच्या जवळ, पण स्वतःच्या जागेत. आमच्या गल्लीत त्या खोक्यांना 'सिस्टरची मोटार' म्हणत.

हे सगळं त्या बरोबर सांगत होत्या. एक सोडून.

त्या सांगत, बाळाला पालथं झोपवा. त्यांना शिकताना तसंच शिकवलं होतं. उताणं ठेवलं आणि उलटी झाली तर घशात जाईल, ही भीती. तेव्हा शिकलेली माणसं सगळी हेच सांगत. न शिकलेल्या आज्या मात्र बाळाला उताणं ठेवत, डोकं गोल व्हावं म्हणून डोक्याखाली राईची उशी. या उताण्या-पालथ्यावरून सिस्टरची आणि भागाआजीची कायमची जुंपलेली. भागाआजी म्हणजे चौधरींच्या समोरची सत्तरीची म्हातारी, तोंडाने तिखट. सिस्टर गेल्या की ती नातवाला उताणं करायची, सिस्टर आल्या की पालथं. मला हे माहीत होतं, पण मी चहाडी केली नाही.

चौऱ्याण्णवला सुरतेत प्लेग आला आणि लोक गावोगाव पळाले, त्या पळापळीनंतरच्या वर्षी केंद्रावरचे डॉक्टरसाहेब बाहेरगावी कसल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि परत येऊन त्यांनी सिस्टरना सांगितलं की आता जगभर उताणं झोपवा असं सांगतात; पालथं झोपणाऱ्या बाळांमध्ये ही अचानक मरणं जास्त होतात असं दिसून आलंय. मला हे त्याच संध्याकाळी कळलं, कारण सिस्टर माझ्या ओट्यावर येऊन बसल्या आणि चहा पुढे केला तरी त्यांनी कप उचलला नाही.

"निजून पाहिलं का विचारलंत ना साहेबांना?" मी आपली थट्टेने म्हणाले.

"घरी जाऊन मी निजून पाहिलं," त्या म्हणाल्या. "गोधडीवर पालथी, तोंड खाली, मान वळवायची नाही असं ठरवून. थोडा वेळही तसं राहता आलं नाही." मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी लोकांच्या घरी पालथी पडत होते आणि मी बाळ आहे म्हणत होते. पण मला मान उचलता येत होती, बाई. हे माझ्या लक्षातच आलं नाही."

मी चहा पुन्हा गरम करून आणला.

दुसऱ्या दिवशी त्या डायरी घेऊन आल्या. त्यांचं अक्षर इतकं वाईट की त्यांनाच लागत नसे, म्हणून यादी मी उतरवली. ज्यांना ज्यांना पालथं सांगितलं आणि ज्यांची बाळं अजून वर्षाच्या आत आहेत, अशी चाळीसेक घरं. पळापळीत अर्धी गल्ली गावाकडे गेली होती, आणि परतताना कुणी डिंडोलीत खोली धरली होती, कुणी भेस्तानला. डॉक्टरसाहेब म्हणाले, नवीन बाळांपासून नवीन सांगा, जुन्यांकडे जाऊन चूक झाली म्हणाल तर लोकांचा विश्वास उडेल. सिस्टर म्हणाल्या, "उडाला तर पुन्हा मिळवू साहेब. तेवढं आयुष्य आहे माझं."

आणि त्या निघाल्या. केंद्राचं काम संपवून रोज तीन-चार घरं. मी कधी कधी बरोबर जायची. खरं सांगायचं तर मदतीपेक्षा मला कुतूहल होतं. मोठ्या माणसाला लहान माणसांसमोर 'मी चुकले' म्हणताना मी तोवर पाहिलंच नव्हतं. आमच्या घरात तर ते वाक्य कुणी वापरल्याचं आठवत नाही.

पहिलं घर त्यांनी भागाआजीचं घेतलं. यादीत ते नव्हतंच, कारण नातू आता चालायला लागला होता. सिस्टर उंबऱ्यातच म्हणाल्या, "आजी, तुझं बरोबर होतं. उताणंच झोपवायचं."

आजीने हातातली लसणीची पाकळी खाली ठेवली. "मंग इतला दिन माले येडी काढत व्हती?"

"हो. चुकलं माझं."

"आन उलटी व्हयनी तर?"

"उताणं असलं तरी बाळ खोकून, मान वळवून बाहेर काढतं. मीच उगाच भ्याले."

आजी खुशीत आली. "मंग राईनी उशी बी चांगलीच व्हती."

"उशी नको. उशी नाहीच."

"डोकं चपटं व्हई ना व."

"होऊ दे. जागं असताना पालथं घाल, समोर बसून खेळव. बसायला लागलं की होतं गोल."

"अर्धंच ऐकस व तू मनं," असं म्हणून आजीने तोंड फिरवलं. पण त्यानंतर गल्लीत कुणी बाळंत झालं की सिस्टरच्या आधी आजी तिथे हजर असायची आणि उताणं झोपवण्याचा शोध आपणच लावला असं सांगायची. सिस्टर ते खपवून घेत.

यादीतलं शेवटचं नाव लताचं होतं. उतरवताना मी थांबले होते. म्हटलं, "सिस्टर, हिच्याकडे कशाला? हिच्या घरी बाळच नाही."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

लता पळापळीच्या आधीपर्यंत आमच्याच गल्लीत राहत होती. तिचा तीन महिन्यांचा मुलगा एका दुपारी झोपला आणि उठला नाही. शेजारी तीही तासभर लवंडली होती. तिला डोळा लागला, एवढं निमित्त घरच्यांना पुरलं. सासू म्हणाली, अंगाखाली घेतलं. मग सगळे तेच म्हणाले, आणि काही दिवसांनी लताही तेच म्हणायला लागली. तिला कुणी बारशाला बोलवेना. माझ्या बाळवाडीच्या ओट्यावरून जाताना ती पोरांकडे न बघता जायची. मीही तिला कधी ये म्हटलं नाही, याची मला आज लाज वाटते.

डिंडोलीत तिच्या घरी आम्ही गेलो तेव्हा सासू-सुना साड्यांचे लोंबते धागे कात्रीने कापत बसल्या होत्या. सासूने बसायला सांगितलं. सिस्टर उभ्याच राहिल्या. लता पाणी आणायला उठली तर म्हणाल्या, "थांब. आधी ऐक, मग द्यावंसं वाटलं तर दे."

मग त्यांनी सांगितलं. तुझ्या बाळाला पालथं झोपव असं मी सांगितलं होतं. आता कळलंय की ते धोक्याचं असतं. तुझं बाळ त्यानेच गेलं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. पण चूक शोधायचीच असेल तर ती माझ्या सांगण्यात शोधा, हिच्या झोपेत नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी सासूकडे बघून म्हटलं.

सासूची कात्री थांबली. लता धागे कापतच होती. कापता कापताच तिने विचारलं, "मी त्याले अंगखाले नही लिधं?"

सिस्टरनी डायरी उघडली. ते पान मी त्यांना आधीच वाचून दिलं होतं, तरी त्या अडखळत वाचायला लागल्या. बाळ आईपासून हातभर लांब. पालथं. तोंड गोधडीत. "हे तूच त्या दिवशी मला सांगितलंस," त्या म्हणाल्या. "मी तिथंच बसून लिहिलं. नंतर लोकांचं ऐकून ऐकून तू स्वतःचंच विसरलीस." आणि मग त्यांचं पुस्तकी मराठी सुटलं. "तुनं काही चुकनं नही, माय. पालथं मी सांगं व्हतं. तू ऐकं, इतलंच."

मी लताच्या तोंडाकडे बघू शकत नव्हते, म्हणून मी तिच्या हातांकडे बघत होते. हात थांबले. तिने साडी बाजूला ठेवली, कात्री साडीवर ठेवली, आत गेली आणि पितळी पेल्यात पाणी घेऊन आली.

"पानी पी," ती सिस्टरना म्हणाली. "पन माफी मांगू नको."

सिस्टरनी पेला घेतला. त्यांनी सगळं पाणी संपवलं. लताच्या त्या वाक्याचा अर्थ मी पुष्कळ वर्षं लावत बसले. माफी मागायचं कारण नाही, की मागितली तरी मिळणार नाही? सिस्टरना विचारायची माझी छाती झाली नाही.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याला नागपूरला काम मिळालं आणि आम्ही सामान बांधलं. सगळ्यांचे निरोप झाले, सिस्टर राहिल्या. केंद्रावर गेले तर कळलं की दुपारच्या सुट्टीत त्या डिंडोलीला जातात, लताकडे. लताला मुलगी झाली होती, दोन महिन्यांची. तिथे निघताना बाकीचं मला गल्लीत भेटलेल्या भागाआजीकडून कळलं. लता झोपतच नव्हती. बाळ उताणं, खोक्यात, पांघरूण छातीच्या खाली, सगळं सांगितल्यासारखं. पण बाळ झोपलं की ही त्याच्या पोटाकडे बघत बसायची, खाली वर होतंय ना. नवऱ्याने समजावलं, सासूने स्वतः शपथ घातली. डोळा लागला की ती दचकून उठायची. सिस्टरनी तिला पुष्कळ शिकवून पाहिलं आणि मग शिकवणं सोडून दिलं. रोज दुपारी जाऊन म्हणायच्या, "तू नीज. मी जागी आहे."

दार वाऱ्यासाठी उघडंच होतं. मी बाहेर चपला काढल्या. आत बॉबिनच्या खोक्यात लताची मुलगी उताणी, दोन्ही मुठी डोक्याच्या बाजूला टाकून झोपलेली. खोक्याला लागून सिस्टर भिंतीला न टेकता ताठ बसलेल्या, जेवणाचा डबा न उघडता बाजूला ठेवलेला. पलीकडे लता आडवी. मला पाहून सिस्टरनी ओठांवर बोट ठेवलं. मी हातानेच सांगितलं, आज निघतोय. त्यांनी मान हलवली, हसल्या, आणि त्यांची नजर पुन्हा खोक्याकडे गेली.

तेवढ्यात लाइट गेली. लूम थांबले. सगळीकडे एकदम शांत झालं आणि गल्लीतली बाळं एकेक करून रडायला लागली. लताच्या मुलीनेही तोंड वाकडं केलं, पाय झाडले आणि सूर लावला. सिस्टरनी तिला उचलून खांद्यावर घेतलं, मान तळहातात धरून. मी लताकडे पाहिलं. आता ही दचकून उठणार, असं मला वाटलं.

लता उठली नाही. तोंड किंचित उघडं टाकून ती घोरत होती.